सह्याद्रीवरचे आगामी कार्यक्रम चुकू नयेत म्हणून काय करावं? (वेळापत्रक, टायमर, रेकॉर्डिंग)

रानजाई
दूरदर्शन सह्याद्रीवरचे ठरावीक कार्यक्रम नियमित बघायचे आणि काही जपून ठेवायचे आहेत: शेतीविषयक, संगीताच्या मैफली आणि आषाढीची पंढरपूरची महापूजा. घरात डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) आहे. सेट-टॉप बॉक्स एमपीईजी-4 (व्हिडिओ दाबून पाठवण्याची एक पद्धत) प्रकारचा असून मागे यूएसबीची खाच आहे.

तीन प्रश्न:
1. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक भरवशाचं कुठे मिळतं?
2. टायमर लावूनही बॉक्स भलत्याच वेळेचं रेकॉर्ड करतो. का?
3. पेन ड्राइव्ह किती मोठा घ्यावा?

चौकटराजा
आधी वेळापत्रक. वाहिनीचा साचा 'फिक्स्ड पॉइंट चार्ट'वर चालतो, म्हणजे कोणत्या वारी कोणत्या वेळेला कुठल्या प्रकारचा कार्यक्रम हे ठरलेलं असतं. तो साचा एकदा वहीत उतरवून घ्या. भागाचा विषय आणि पाहुणे मात्र आयत्या वेळी कळतात. त्यासाठी वाहिनीची समाजमाध्यमांवरची पानं आणि पडद्यावरच्या जाहिराती बघायच्या.

बॉक्सच्या गाइडवर (पडद्यावर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या यादीवर) विसंबू नका. तिथे कधी पुढचे दोनच कार्यक्रम दिसतात, कधी नुसतं वाहिनीचं नाव.

साचा मोडतो तो थेट प्रक्षेपणांमुळे. 1 मे, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, निवडणुकांचे निकाल, अर्थसंकल्प... असा दिवस असला की त्या दिवशीचा टायमर रुंद ठेवा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळेचा लावा. एक कार्यक्रम वीस मिनिटं लांबला की त्यानंतरचे सगळे सरकतात आणि पुढची बातमीपत्रं आली की मधलाच एखादा गाळला जातो. गाळलेल्याचं पुनःप्रक्षेपण होतंच असं नाही, म्हणून वाहिनीच्या यूट्यूब पानावर तो भाग चढतो का ते दोन-तीन दिवस बघत राहायचं.

टायमरवाला
प्रश्न 2. शंभरातल्या नव्वद वेळा घोळ घड्याळाचा असतो. बॉक्सला उपग्रहावरून वेळ येते ती जागतिक वेळ. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. मेनूमधल्या 'टाइम झोन'मध्ये +5:30 नसेल तर संध्याकाळी 7 चा टायमर रात्री साडेबाराला उठतो.

तुमचं रेकॉर्डिंग साडेपाच तास उशिराचं निघत असेल तर हेच कारण. काही बॉक्समध्ये फक्त पूर्ण तास निवडता येतात, अर्धा तास नाही. तिथे 'जीएमटी वापरा' (जीएमटी म्हणजे तीच जागतिक वेळ) हा पर्याय बंद करून वेळ हाताने भरायची. वीज गेली की ती पुन्हा भरावी लागते, हा त्यातला वैताग.

बाकीची कारणं:
– भिंतीवरचं बटण बंद. बॉक्स रिमोटने झोपवा, वीज तोडू नका.
– टायमरच्या प्रकारात 'रेकॉर्ड'ऐवजी नुसतं 'चॅनल बदला' निवडलेलं. बॉक्स जागा होतो, सह्याद्री लावतो आणि गप्प बसतो.
– नव्याने स्कॅन केल्यावर यादीतले क्रमांक बदलतात. जुना टायमर जुन्या क्रमांकालाच चिकटून राहतो. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे 1 एप्रिलच्या आसपास यादी हमखास हलते. तेव्हा स्कॅन झालं की सगळे टायमर पुसून नव्याने लावायचे.

सुरुवातीला 5 मिनिटं आधी, शेवटी 15 मिनिटं जास्त. थेट कार्यक्रम असेल तर शेवटी तासभर.

महापूजेचं विशेष: ती मध्यरात्रीनंतर, पहाटे दोन-अडीचच्या सुमारास सुरू होते. एकादशी शनिवारी असेल तर टायमरची तारीख शनिवारचीच, वेळ पहाटे 1:45. 'शुक्रवारची रात्र' म्हणून शुक्रवारची तारीख टाकणारे दरवर्षी भेटतात.

चौकटराजा
+1. आणि तो टायमर 'एकदाच' या प्रकारात लावा, 'रोज' नको. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं काहीबाही साठत जातं आणि ड्राइव्ह भरतो.

गच्चीवरची_छत्री
प्रश्न 3 चं उत्तर गणितात आहे. साध्या दर्जाच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला 4 मेगाबिट धरला तर तासाला सुमारे 1.8 जीबी. तीन तासांची पूजा म्हणजे 5.4 जीबी. 32 जीबीचा ड्राइव्ह सतरा तासांना पुरतो. त्याहून मोठा घ्यायचा तर आधी बॉक्स तो ओळखतो का ते पाहा.

खरी अडचण वेगळीच: ड्राइव्ह फॉरमॅट करण्याच्या फॅट32 पद्धतीत एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही. चांगला बॉक्स आपोआप दुसरी फाइल सुरू करतो, साधा बॉक्स सव्वादोन तासांच्या आसपास गुपचूप थांबतो. बॉक्सला एनटीएफएस ही पद्धत चालत असेल तर ती घ्या. एक्सफॅट ही तिसरी पद्धत बऱ्याच स्वस्त बॉक्सना वाचताच येत नाही. ड्राइव्ह संगणकावर नव्हे, बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट केलेला बरा. फाइल टीएस प्रकारची निघते, ती संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते.

न विचारलेला चौथा मुद्दा. आषाढी म्हणजे ऐन पाऊस, आणि केयू बँडचा (डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांचा) सिग्नल जोरदार सरीत पडतोच. म्हणून जूनच्या आधी छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश, तपासा. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. मुंबईहून दिशा उत्तरेपासून 131 अंश, उंची सुमारे 57. नागपूरहून दिशा 144 ते 145, उंची 60. थोडक्यात आग्नेयेकडे. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ धरू नका, खोटं दाखवतं.

उंची 57 आहे म्हणून छत्री उताणी करायची नाही. नेहमीची 60 सेंटिमीटरची छत्री ऑफसेट प्रकारची असते. ती तिच्या खऱ्या रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली बघतेय असं वाटतं.

मेनूत एलएनबी (छत्रीच्या तोंडासमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) 'युनिव्हर्सल 9750/10600' ठेवा. 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी बघून खूश होऊ नका, ती छत्री भिंतीकडे वळवली तरी भरलेली दिसते. बघायची ती 'क्वालिटी'. ती मिळाली की एलएनबी पकडीतच थोडा-थोडा गोल फिरवून आणखी किती चढते ते बघा. मग नट आळीपाळीने आवळा. एकच बाजू घट्ट केली की छत्री हलते आणि आकडा पडतो.

रानजाई
धन्यवाद सगळ्यांना. टाइम झोन 0 वरच होता! छत्रीही हलवून पाहिली. आता क्वालिटी छान येतेय, पण ब्लाइंड स्कॅनमध्ये (बॉक्स मिळतील त्या सगळ्या वाहिन्या आपणच शोधतो तो) बहुतेक वाहिन्यांपुढे डॉलरचं चिन्ह आहे आणि सह्याद्री सापडत नाही.

गच्चीवरची_छत्री
शेजारच्या उपग्रहावर गेलात. 95 अंशांवर एका सशुल्क डीटीएचचा उपग्रह आहे, म्हणजे जेमतेम दीड अंश पूर्वेला. डॉलर म्हणजे कुलूपबंद वाहिनी. छत्रीमागे उभं राहून तिचं तोंड उजवीकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला, अगदी केसभर सरकवा. क्वालिटी एकदा खाली जाऊन पुन्हा चढेल. त्या दुसऱ्या चढावर थांबा, यादी पूर्ण पुसा आणि स्कॅन करा. डीडीच्या वाहिन्या ओळीने दिसल्या की नट आवळायला हरकत नाही.

टायमरवाला
आणि त्यानंतर टायमर नव्याने लावायचे आहेत बरं का.