वाद्यवृंदासाठी आंबोलीचा पाऊस लिहितोय, तंतुवाद्यांचं काय करू?

घाटमाथा:
आंबोलीच्या पावसावर वाद्यवृंदासाठी रचना करतोय. सुरुवातीला धुकं, व्हायोलिनला म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून अगदी हळू. ते जमलंय. पुढे सरींसाठी सगळ्या तंतुवाद्यांना ट्रेमोलो (एकच सूर झरझर थरथरवणं) आणि खाली टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, गडगडाट दिलाय. ऐकायला भरगच्च लागतं, पण ते कुठल्याही सिनेमातलं वादळ वाटतं. आमच्याकडे पाऊस आधी वरच्या रानात ऐकू येतो, मग चालून येतो आणि कौलांवर कोसळतो. मला ते चालून येणं हवंय. शिवाय पहाटे गाणाऱ्या शीळकरी कस्तूर पक्ष्यासाठी बासरी द्यावी की पिकोलो (छोटी, वरच्या पट्टीची बासरी)? जाणकारांनी सांगावं.

चेलोवाली:
टिंपनी सध्या बाजूला ठेवा आणि बेथोव्हेनची सहावी सिंफनी, 'पास्टोरल', स्कोअर (सगळ्या वाद्यांचं स्वरलेखन) समोर घेऊन ऐका. १८०८ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. टिंपनी आणि पिकोलो त्यात फक्त चौथ्या मूव्हमेंटमध्ये (भागात), वादळातच आहेत. तोवर कानाला त्यांची चाहूलही नसते, म्हणून ती आली की पोटात धस्स होतं. त्याच वादळात चेलो एका ठोक्यात पाच सूर वाजवतात आणि डबल बेस चार. सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. मी हे वाजवलंय. शेजारच्या डबल बेसशी जुळवून घ्यायची हाताला सवय असते, ती इथे सोडावी लागते.

तुमच्या सरींसाठी: सगळ्यांना एकदम वाजवायला लावू नका. व्हिओलांच्या (व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यांच्या) शेवटच्या स्टँडवरच्या दोघांपासून, म्हणजे सगळ्यात मागच्या जोडीपासून, सुरू करा, मग एकेक स्टँड पुढे या, शेवटी पहिली व्हायोलिनं. आवाज खरोखरच रंगमंचाच्या मागून पुढे चालत येईल.

रानवाट:
कस्तुराला पिकोलो नको, फार टोचेल. तो माणसासारखी शीळ घालतो, रेंगाळत, मध्येच सूर सोडून देत. बासरी घ्या, मधल्या सप्तकात, आणि तेवढ्यापुरता ताल काढून टाका. मात्रांत बसवलेला कस्तूर मला तरी सहन होणार नाही. फिनलंडच्या संगीतकार राउतावाराची १९७२ची 'कँटस आर्क्टिकस' ऐकलीत का? त्यात पक्ष्यांचे टेप केलेले आवाजच वाद्यवृंदाबरोबर वाजतात. दुसऱ्या भागात चंडोलाचा आवाज दोन सप्तकं खाली उतरवलाय. तुम्हीही शीळ रेकॉर्ड करा आणि संथ करून ऐका. एरवी निसटणाऱ्या मुरक्या तेव्हा कागदावर उतरवता येतात.

घाटमाथा:
दोघांचेही मनापासून आभार. मागच्या स्टँडपासून सुरुवात करायची, हे पटलंच. आणखी एक विचारतो. कौलांवरचे पहिले टपोरे थेंब पिझिकातोत (बोटाने तार छेडून) घेऊ, की बो (गज) उलटा करून त्याच्या लाकडी काडीने?

चेलोवाली:
काडीनेच. पिझिकातोला गोल, गोड सूर येतो. कौलावरचा थेंब कोरडा वाजतो. फक्त किमती बोची काडी तारांवर आपटायला वादक नाखूश असतात. त्यांच्या पानांवर हा भाग आधीच ठळक लिहून ठेवा, म्हणजे तालमीला येताना ते दुसरा साधा बो आणतील.