नावाजलेला चित्रपट आणि फसलेला शेवट : आपले अनुभव सांगा

गेल्या हिवाळ्यात आम्ही चारपाच जणांनी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर ताणून ‘फँड्री’ दाखवला. हा चित्रपट २०१४ सालच्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि त्याच्या शेवटाविषयी तेव्हापासून आजवर लिहिले जात आहे. गावात डुकरे धरणाऱ्या कुटुंबातला मुलगा जब्या चिडवणाऱ्यांच्या दिशेने दगड भिरकावतो, तो दगड थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. दिवे लागल्यावर सतरंजीवर बसलेल्या एका आजोबांनी विचारले, “दगड लागला कोणाले?” मी पुस्तकात वाचलेले उत्तर दिले, की तो आपल्या सगळ्यांना लागला. त्यावर ते म्हणाले, “म्या तं जलमभर डुकरंच धरली. मंग मले काऊन मारते तो?”

मला उत्तर सुचले नाही आणि ते अजूनही सुचलेले नाही. तोवर तो शेवट मला निर्दोष वाटत होता. त्या रात्री घरी जाताना पहिल्यांदा वाटले, की हा दगड मारताना समोर कोण बसले असेल याचा अंदाज दिग्दर्शकाने शहरातल्या चित्रपटगृहावरून बांधला असावा.

आपल्यालाही असा अनुभव आला असल्यास तो येथे लिहावा. चित्रपट वाईट होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. उलट चांगला वाटलेलाच चित्रपट निवडावा. आपण तो कोठे, कोणासोबत पाहिला आणि शेवटाकडून आपल्याला नेमके काय हवे होते, एवढे सांगितले तरी पुरे. नाव लिहू नये, तालुका आणि व्यवसाय लिहावा. शेवट अर्थातच उघड होणार आहेत, त्यामुळे ज्यांना ते पाहायचे बाकी आहेत त्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावे.

चांदूर बाजार तालुका, निवृत्त एसटी वाहक

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, पण आम्हाला तो पाहायला मिळाला बहिरमच्या यात्रेतल्या तंबूत, बऱ्याच वर्षांनी आणि बऱ्याच ओरखड्यांसह. ही यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. हंडीतले मटण आणि रोडगे खाऊन माणसे तंबूत शिरत आणि सातपुड्याच्या पायथ्याची थंडी सोसत घोंगडी पांघरून जमिनीवर बसत. ठाकूरचे हात गब्बरने तोडले हे दिसल्यापासून सगळा तंबू एकाच गोष्टीसाठी थांबला होता. ठाकूर गब्बरला पायाने तुडवू लागला तेव्हा माझे वडील घोंगडी टाकून उभे राहिले, आणि नेमके त्याच वेळी पोलीस येऊन कायदा सांगू लागले. वडील मोठ्याने म्हणाले, “हे इतका येळ कुठी होते?” तंबूतले लोक हसले, पण वडील हसत नव्हते. परतीच्या बैलगाडीत ते एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे वाचनात आले, की मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. परंतु तो आणीबाणीचा काळ होता, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही आणि शेवट नव्याने चित्रित करावा लागला. म्हणजे आमच्या तंबूत जे पोलीस उशिरा आले, ते खरोखरच मागाहून आणलेले होते. २०२५ साली मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली, त्याआधीच वडील गेले होते. नातवाने मला तो शेवट मोबाइलवर दाखवला. गब्बरला मारल्यावर ठाकूर रडतो. ते रडणे वडिलांना मुळीच आवडले नसते.

धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली, प्राथमिक शिक्षक

मी चार निवडणुकांत मतदान पथकात काम केले असून त्यांपैकी दोनदा केंद्राध्यक्ष होतो, त्यामुळे २०१७ साली आलेला ‘न्यूटन’ मी मनोरंजन म्हणून पाहूच शकलो नाही. दंडकारण्यातल्या एका केंद्रावर निघालेले पथक, बेस कॅम्पवरची ती रात्र, जवानांच्या मागे एका रांगेत चालणे, यंत्राची पेटी आणि सुरक्षा अधिकाऱ्याचा तो गोड बोलून घाई करण्याचा सूर, यांत एकही गोष्ट मला खोटी वाटली नाही. आमच्या भागात मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ असते. बाकी महाराष्ट्र संध्याकाळपर्यंत मतदान करीत असतो, तेव्हा आम्ही यंत्र सील करून, मतांच्या हिशेबाच्या सतरा-क नमुन्यातले आकडे जुळवून अंधाराआधी जंगल ओलांडण्याच्या विवंचनेत असतो. चित्रपटातही सगळा ताण या ३ वाजण्याभोवतीच आहे, आणि त्यातला केंद्राध्यक्ष न्यूटन शेवटी रायफल रोखून उरलेल्यांचे मतदान करून घेतो आणि घड्याळात ३ वाजेपर्यंत ती खाली ठेवत नाही, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता माझी तक्रार सांगतो. मतदान संपण्याच्या वेळी जे रांगेत उभे असतात त्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटायच्या आणि तेवढ्यांचे मतदान घ्यायचे, असा नियम आहे. एका निवडणुकीत ३ वाजता माझ्याकडे रांगच नव्हती. ३ वाजून १० मिनिटांनी एक वृद्ध जोडपे आले, पलीकडच्या टोल्यावरून म्हणजे पाड्यावरून, मधला नाला ओलांडून, पायी. आजीबाईंनी ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधून आणले होते आणि ती गाठ त्या माझ्यासमोर सोडत होत्या. मी नाही म्हटले. नियमाने मी बरोबर होतो, आणि माझ्या सहकाऱ्यांना ते जोडपे दिसण्याआधीच परतीची शिट्टी वाजलेली होती. पण ती गाठ त्यांनी पुन्हा बांधली, ते मला आजही दिसते.

हा चित्रपट पाहताना मी पूर्ण वेळ वाट पाहत होतो, की नियमावर एवढे प्रेम करणाऱ्या या माणसापुढे ३ नंतर आलेला मतदार कधी उभा राहतो. तो उभा राहत नाही. न्यूटनला मार बसतो, सहा महिने जातात, तो मानेला पट्टा लावून कार्यालयात बसलेला दिसतो आणि भेटायला आलेल्या मलकोला, म्हणजे त्याच्या पथकातल्या स्थानिक शिक्षिकेला, सुट्टीला पाच मिनिटे बाकी असल्याचे सांगतो. लोक येथे हसतात. मी ज्या केंद्राध्यक्षाला ओळखतो, म्हणजे मला, त्याला त्या पाच मिनिटांवर हसता आले नाही. मलको तरी पुन्हा दिसते. ज्यांची मते घेण्यासाठी रायफल उचलली ते लोक मात्र पुन्हा दिसतच नाहीत.

आर्वी तालुका, शेतकरी, एका धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) दाव्यातील वादी

माझे थोडक्यात आहे. ‘कोर्ट’ मी केवळ त्यात खटल्यातल्या शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार यांच्यासाठी पाहिला, कारण नागपूरच्या सभांतून त्यांना ऐकलेले होते. २०२१ साली कोरोनाने ते गेले. चित्रपटात उन्हाळी सुट्टी लागते, न्यायदालन रिकामे होते, एकेक दिवा विझतो आणि पडदा पूर्ण अंधारतो. मी चपला घातल्या. अकरा वर्षे तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला याहून खरा शेवट कोणी दिला नसता, कारण आमचा प्रत्येक मे महिना असाच संपतो. पण चित्रपट पुन्हा सुरू झाला. न्यायाधीश सहलीला गेलेले, बाकावर डुलक्या घेताना मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. समीक्षकांनी या दृश्याची फार वाखाणणी केलेली आहे. मला ते ताटात मागाहून वाढलेल्या मिठासारखे लागले. न्यायाधीश झोपतात की जागे असतात, याच्याशी माझे देणेघेणे नाही. ते झोपले नाहीत तरी माझी तारीख पुढेच जाते.

केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ, कृषी सेवा केंद्रात काम करणारा तरुण

‘पीपली लाइव्ह’ २०१० साली आला तेव्हा मी नववीत होतो. आमच्या घरी तो नंतर दूरदर्शन संचावर लागला आणि आई, मी आणि धाकटी बहीण असे तिघांनी पाहिला. आई तोवर चित्रपट पूर्ण पाहत नसे. हा मात्र तिने उठून न जाता पाहिला, कारण माझ्या वडिलांनी त्याच्या तीन वर्षे आधी फवारणीचे औषध घेतले होते.

आमच्याकडे अशा मृत्यूनंतर तहसीलची चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. पात्र ठरल्यास १ लाख रुपये मिळतात, त्यांतले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातील असावी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते थकलेले असावे आणि वसुलीचा तगादा लागलेला असावा, अशा अटी होत्या. आमचा सातबारा आजोबांच्या नावावर होता आणि कर्ज ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे परवाना नव्हता. आम्ही अपात्र ठरलो. हा शब्द आमच्या घरात पुढे इतका रुळला, की बहिणीला शाळेत बक्षीस मिळाले नाही तेव्हा तिनेही आईला तेच सांगितले, “मी अपात्र झाली.”

चित्रपटाचा पहिला अर्धा भाग आईने मान हलवत पाहिला. आत्महत्या केली तर सरकार पैसे देते म्हणून दोघे भाऊ विचार करतात, नत्था ‘मरणार’ म्हणून वाहिन्यांच्या गाड्या गावात येतात, पुढारी येतात, हे सर्व तिला पटले आणि काही ठिकाणी ती हसलीही. मग आग लागते, मेलेला माणूस नत्था समजला जातो आणि तो अपघात ठरल्यामुळे त्याच्या बायकोला, धनियाला, भरपाई मिळत नाही. हे चित्रपटात फार झटपट उरकते. शेवटी आपल्याला नत्था दिसतो, गुडगावच्या एका बांधकामावर मजुरी करणारा, धुळीने माखलेला, आणि पडद्यावर ओळ येते की १९९१ ते २००१ या काळात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. तो आकडा खरा आहे आणि मोठा आहे. पण आईने आकडा वाचला नाही, तिला वाचता येत नाही. तिने विचारले, “मंग तिले पैसे भेटले का नाही?” मी म्हटले, नाही भेटले. ती म्हणाली, “मंग तिचं दाखवा लागत होतं. थो तं जिता हाय.”

मी पुढे शहरात शिकताना या शेवटाची स्तुती अनेकदा ऐकली आणि ती चुकीची आहे असे मला म्हणता येत नाही. शेतकऱ्याचा मजूर होतो, ही गोष्ट त्या एका चेहऱ्यात आहे. मात्र कॅमेरा गावाकडून शहराकडे निघून जातो तेव्हा मागे राहिलेल्या धनियाकडे पाहायला कोणी उरत नाही, आणि आमच्या घरात तर बारा वर्षे तीच गोष्ट चालू होती. आईने नंतर सात एकरांपैकी चार एकर ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, दिले आणि तीन स्वतः वाहिले. त्याचा चित्रपट कंटाळवाणा झाला असता, हेही मी मान्य करतो.

दारव्हा तालुका, कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन लग्नसराईत आला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय एकही वरात निघाली नाही. शेवट मला कलेच्या दृष्टीने चुकीचा वाटला नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या आर्चीच्या हैदराबादेतल्या घरी माहेरच्या भेटी घेऊन भाऊ येतो, ती चहा करते, आणि पुढे आवाजच नाहीसा होऊन लहानग्याची रक्ताची पावले उमटतात, हे पाहून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. माझा हिरमोड झाला तो जूनमध्ये, अकरावीचे प्रवेश सुरू झाल्यावर. एका वडिलांनी मुलीचा दाखला परत मागितला आणि कारण विचारल्यावर म्हणाले, “मॅडम, तुम्ही तो पिच्चर पाहिला ना? शेवटी काय होते ते पाहिलं ना?” बुलेट चालवणारी आर्ची त्या मुलीने पाहिली होती, आणि वडिलांनी केवळ शेवट पाहिला होता. ज्या गोष्टीविरुद्ध तो शेवट केला, त्याच गोष्टीच्या बाजूचा पुरावा म्हणून तो माझ्या टेबलावर ठेवला गेला. दाखला मी दिला, कारण न देण्याचा अधिकार मला नव्हता.

देसाईगंज परिसर, झाडीपट्टी (पूर्व विदर्भातील) नाटकातील ऑर्गनवादक

वरील बाईंच्या दुःखाचा आदर राखून थोडे वेगळे सांगतो. तोच चित्रपट आम्ही पाहिला तेव्हा शेवटी आवाज गेल्याबरोबर लोकांनी शिट्ट्या मारल्या, कारण यंत्र बिघडले असे सर्वांना वाटले. मागून कोणीतरी ऑपरेटरच्या नावाने ओरडलेही. शांतता मुद्दाम ठेवलेली आहे हे कळेपर्यंत ते बाळ दारातून बाहेर पडलेले होते. म्हणून माझी त्या शेवटाविषयी ना तक्रार आहे ना स्तुती, मी तो धड पाहिलाच नाही.

आमच्याकडे भाऊबीजेनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. पाच-सहा तास थंडीत बसलेला प्रेक्षक शेवट दिग्दर्शकाच्या हाती सोडत नाही. एका वर्षी आमच्या मंडळाने नवे नाटक घेतले, त्यात खलनायक सुटतो आणि नायिका एकटी उभी असताना पडदा पडतो. लेखकाला हा शेवट फार प्रिय होता. तिसऱ्या प्रयोगाला पडदा पडल्यावर लोक उठेनातच. पुढच्या रांगेतल्या एका आजीने शाल सावरून विचारले, “झाला का जी? का चहा पिऊन येता?” पहाटेचे साडेचार वाजले होते. आत लेखक, दिग्दर्शक आणि कंत्राटदार यांचे दहा मिनिटे भांडण चालले आणि मी तोवर तेच गाणे चौथ्यांदा वाजवत होतो. दुसऱ्या दिवशीच्या गावात पडदा पडण्याआधी एक इन्स्पेक्टर शिरला, त्याने खलनायकाला बेड्या घातल्या आणि लोक समाधानाने घरी गेले. ती वर्दी घाईत एका होमगार्डकडून मागून आणलेली होती आणि हंगाम संपेपर्यंत ती परत द्यायला कोणाला सवड झाली नाही.