बटणं न बडवता कुस्ती

कुस्तीचा व्हिडिओ गेम म्हणजे नुसती बटणं बडवणं, असं कुणी म्हणत असेल, तर 'रेसल एंजल्स' बघाच. १९९२ सालचा, जपानच्या पीसी-९८ संगणकावरचा, महिला प्रो-रेसलिंगवर बेतलेला. यात बोटांची चपळाई शून्य कामाची, कारण अख्खा सामना पत्त्यांवर! पानावर आकडा आणि कुस्तीच्या डावाचा प्रकार. दोन्हीकडून पान पडतं, मोठा आकडा सरस ठरतो. त्यामुळे भारी पान आत्ताच उडवायचं की हुकमासारखं दाबून ठेवायचं, हा खरा पेच. (हलकी पानंच हातात आली की चडफडत मार खायचा!) प्रो-रेसलिंगमधला आलटून-पालटून मार मला यात बटणवाल्या गेमपेक्षा जास्त जाणवतो. १९९४ मध्ये निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलवरही 'सुपर रेसल एंजल्स' आला.