जवान आपले म्हणताना युद्धावर बोलायचंच नाही का?

सत्तरीकर
कारगिल दिनाला आमच्या भागात कार्यक्रम होता. पाहुण्या वक्त्यांनी माइकवरून ठणकावलं, युद्धावर टीका करणारा जवानाच्या पाठीत सुरा खुपसतो. टाळ्यांचा कडकडाट. मी टाळी वाजवली नाही. का, ते इथे लिहितो.

सैन्यातल्या माणसाला 'ही लढाई कशासाठी' असं चारचौघांत विचारता येत नाही. त्याच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला दिलाय. ते बरोबरच आहे, प्रत्येक हुकमावर चर्चा करत फौज चालत नाही. पण मग तो प्रश्न त्याच्या वतीने कोणी विचारायचा? तुम्ही-आम्हीच ना? आम्हीही गप्प बसलो तर त्याला पाठवायचं की नाही, हे ठरवताना त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरतच नाही.

२००३ साली अमेरिकेने इराकसाठी आपली फौज मागितली होती, जवळजवळ एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे हजारो माणसं. एप्रिलमध्ये संसदेने त्या युद्धाची निंदा करणारा ठराव केला, बाहेरही विरोध होता, आणि जुलैत वाजपेयी सरकारने नकार कळवला. त्यामुळे किती घरांतली माणसं इराकला न जाता घरी राहिली. विरोध करणारे तेव्हा जवानांच्या विरोधात होते म्हणायचं?

वास्कोचा खलाशी
सत्तरीकरबाब, मी नौदलातून निवृत्त. तुमचं म्हणणं कागदावर सुंदर आहे, जेटीवर टिकत नाही.

श्रीलंकेचं सांगतो. १९८७ ला आपली शांतिसेना गेली, १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली. अकराशेहून जास्त माणसं तिथेच राहिली. परत आले तेव्हा मद्रासला स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. विरोध होता दिल्लीच्या धोरणाला, बरोबर? पण पाठ कोणाकडे फिरवली? बोटीतून उतरणाऱ्या पोराकडे. 'आमचा राग धोरणावर, जवानावर नव्हे' ही वाटणी घरात आरामखुर्चीत बसून करता येते. ज्याच्या अंगावर तो राग येऊन पडतो, त्याला ती कळत नाही.

आणि मनोधैर्य नावाची गोष्ट असते. रात्रीच्या वॉचवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आता मोबाईल असतो. आपलेच लोक म्हणतायत, हे सगळं फुकट चाललंय. त्याने काय करायचं?

म्हापसेकार
खलाशीकाका, शांतिसेनेचा दाखला तुम्ही काढलात ते बरं झालं. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने माणसं उतरवली. तमिळ वाघांना, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांना, छाप्याचा सुगावा आधीच लागला होता. १३ व्या शीख लाइट इन्फंट्री पलटणीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले, एक कैद झाला. ज्यांच्याशी लढायला पाठवलं, त्यांना काही वर्षांपूर्वी प्रशिक्षण आपणच दिलेलं! हे कोणी ठरवलं, कोणाच्या माहितीवर, असं विचारणं म्हणजे त्या २९ जणांचा अपमान? मला तर न विचारणं अपमान वाटतो. स्वागताला न जाणं वाईटच होतं. पण ती टीका नव्हे, ते मतांचं राजकारण.

वास्कोचा खलाशी
राजकारण आणि टीका वेगळी काढायची चाळण तुझ्याकडे असेल तर मला पाठव. मला आयुष्यात मिळाली नाही.

दुसरं, टीका म्हटली की ती खरीच, असं का धरून चालता? १९६१ ला गोव्यात फौज घुसली तेव्हा अमेरिकेपासून सगळ्यांनी आपल्याला शिव्या घातल्या. सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून निभावलं. अंजदीव बेटावर आमच्या नौदलाची ७ माणसं पडली. त्या टीकाकारांचं ऐकून आपण थांबायला हवं होतं? मग आज आपण कुठल्या झेंड्याखाली बसून हे लिहिलं असतं?

सत्तरीकर
नाही, थांबायला नको होतं. ती टीका चुकीची होती आणि आपण तिला तिथेच, परिषदेत उत्तर दिलं. चुकीच्या टीकेला उत्तर देतात, तोंड दाबत नाहीत.

पण १९६१ काढलंच आहे तर समोरच्या बाजूचंही बघू. तिथे टीकेला बंदी होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने पणजीला तार पाठवली, तिचा आशय असा की शरणागती नाही, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील, नाहीतर मरतील. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांच्याकडे तीनेक हजारांची फौज, धड विमान नाही, मदत यायची शक्यता नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. ती माणसं जगली, आमची घरं-पूल-देवळं-चर्च वाचली. मायदेशी काय मिळालं? त्यांना सैन्यातून काढलं, मान परत मिळाली ती थेट १९७४ च्या क्रांतीनंतर. त्यांचे सैनिक इथल्या छावण्यांत महिनोन्‌महिने कैदेत होते. मे १९६२ मध्ये घरी पोचले तेव्हा लिस्बनला त्यांच्याकडे वीर म्हणून नव्हे, संशयित म्हणून पाहिलं गेलं.

आणि ज्या देशात युद्धाविरुद्ध ब्र काढता येत नव्हता, त्या पोर्तुगालची अंगोला, गिनी, मोझांबिक या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली लढाई १९६१ पासून १९७४ पर्यंत चालली. आठ हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक मेले. ती थांबवली कोणी? शेवटी सैन्याच्याच अधिकाऱ्यांनी, सरकार उलथून. आमच्याकडे सैन्यावर ती पाळी येत नाही, कारण बोलायचं काम नागरिक करतात.

वास्कोचा खलाशी
सालाझारची हुकूमशाही कुठे, आपली लोकशाही कुठे. तुलना जमली नाही.

म्हापसेकार
काका, फरक नेमका तोच आहे की!

एक गंमत बघा. नेहरूंनी गोवा सोडवायला १४ वर्षं लावली, असं आपल्याकडे दर १९ डिसेंबरला कोणीतरी म्हणतंच. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोळ्यांनी पडले तेव्हाच फौज का नाही पाठवली, असं विचारतात. कारगिलला नियंत्रण रेषा का ओलांडली नाही, असंही. हीसुद्धा युद्धाच्या निर्णयावरचीच टीका. पण असं बोलणाऱ्याला 'तू जवानांचा शत्रू' असं कोणी म्हणत नाही. युद्ध वाढवा म्हटलं की देशभक्त, थांबवा किंवा हिशेब द्या म्हटलं की गद्दार. म्हणजे जवानाचं नाव नुसतं पुढे करायला.

फोंड्याची बाय
माझा भाऊ आत्ता ड्युटीवर आहे. कुठे ते लिहिणार नाही.

खलाशीबाब, तुमचं एक खरं. त्याचा फोन येतो तेव्हा आई मोठ्याने टीव्ही लावू देत नाही. पण आईला कसला त्रास होतो माहितीय? टीका करणाऱ्यांचा नाही. स्टुडिओत बसून 'घुसा, घुसा' ओरडतात ना, त्यांचा. घुसणार कोण? तिचा झील.

आणि पाठिंबा कसा मोजायचा ते आम्हा घरच्यांना विचारा. लढाईत किंवा नोकरीत अपंग झालेल्या सैनिकाला सैन्यदलांच्या ट्रायब्युनलने पेन्शन मंजूर केली की तिच्याविरुद्ध वरच्या कोर्टात सरकारच जातं. २०२२ ला अग्निपथ ही सैन्यभरतीची योजना आली, चार वर्षांनी जास्तीत जास्त पाव मुलं कायम ठेवणार. आमच्या ओळखीतल्या किती मुलांनी भरतीची तयारी सोडून दिली. त्यावर बोललं तरी काही लोक 'सैन्याविरुद्ध बोलू नकोस' म्हणतात. अरे, सैन्यातल्यांच्याच घरची आहे मी!

फक्त एक सांगणं. मेलेल्या जवानाच्या बातमीखाली 'फुकट गेला' असं लिहू नका. मुद्दा शंभर टक्के खरा असला तरी दोन दिवस थांबा. त्याचे घरचे वाचतात.

सत्तरीकर
बाय, हे मान्य. पूर्ण मान्य.

वास्कोचा खलाशी
बायच्या शेवटच्या ओळीसाठीच मी मघापासून भांडतोय. मग माझं म्हणणं इतकंच ठेवतो: लढाई चालू असेपर्यंत गप्प राहा. संपली की हवा तेवढा हिशेब मागा. १९६२ च्या चीनकडून झालेल्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स चौकशी अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. तो खुला करा, या मागणीवर पहिली सही माझी. पानिपतावर आपण अडीचशे वर्षं वाद घालतोय, भाऊसाहेबांनी बायकामाणसं, यात्रेकरू बरोबर का नेले म्हणून. कोणी अडवलंय?

म्हापसेकार
पण १९६२ ला लोक गप्प राहिले नव्हते ना, काका! २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. कृष्ण मेनन यांच्यावर स्वपक्षाचे खासदारसुद्धा तुटून पडले. महिनाअखेर त्यांचं संरक्षण खातं गेलं, ७ नोव्हेंबरला मंत्रिपदही. ८ नोव्हेंबरपासून संसदेत खुली चर्चा झाली, वाजपेयींनी लढाई चालू असतानाच अधिवेशन मागितलं होतं. सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत पोरांना बर्फात पाठवलंत, हा राग होता. मग त्या जागी यशवंतराव आले. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला' म्हणून आपण अजून छाती फुगवतो. तुमचा नियम लावला असता तर मेननच राहिले असते, आणि सह्याद्री मुंबईतच.

वास्कोचा खलाशी
हं. यशवंतरावांचा मुद्दा कडक आहे, त्यावर विचार करतो.

पण तेव्हा रेडिओ होता रे. २००८ ला मुंबईत कमांडो छपरावर उतरत होते आणि टीव्हीवर थेट दिसत होतं, पलीकडून फोनवर अतिरेक्यांना सूचना जात होत्या. सुप्रीम कोर्टाने त्यावर कान उपटले. त्यालाही तुम्ही माहितीचा हक्क म्हणाल?

सत्तरीकर
नाही म्हणणार. कमांडो कुठे उतरतोय हे दाखवणं वेगळं, त्याला तिथे का जावं लागलं हे विचारणं वेगळं. आणि दाखवत होते ते युद्धाचे टीकाकार नव्हते, खलाशीबाब.

वास्कोचा खलाशी
तेही खरं. तरी लढाई चालू असताना मी गप्पच राहणार. तुम्ही बोला. आणि बायच्या भावाला माझा सलाम कळवा.