अप्रेझल आणि स्तोत्र १३१

नोकरी आणि प्रार्थना यांवर इथे दोघांनी लिहिलंय, सूर साधारण एकच आहे: हिंजवडीहून घरी येईस्तोवर जीव मेटाकुटीला येतो, प्रार्थनेला वेळ उरत नाही, आणि अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, रेटिंग घसरलं की आपण कुचकामी आहोत असं वाटायला लागतं. वेळेचं सोडा, तो पुण्याच्या ट्रॅफिकने कधीच खाल्लाय. रेटिंगबद्दल थोडं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा बाप्तिस्मा तिसऱ्या अध्यायात आहे, आणि 'हा माझा प्रिय पुत्र' ही आकाशवाणी तिथेच होते. तोवर ना प्रवचन, ना चमत्कार, ना शिष्य. पसंती आधी, काम मागाहून. आपल्या एचआरचा क्रम नेमका उलटा!

पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, तेव्हाही आधी आसरा आणि जेवण दिलं. छापखान्यात खिळे (छपाईची अक्षरं) जुळवायला त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेतल्या मुली पुढे शिकल्या.

शांततेसाठी मी बायबलमधलं स्तोत्र १३१ धरलंय. तीनच वचनं, पीएमपीच्या बसमध्ये उभ्याउभ्या पाठ होतात. त्यात दूध तुटलेलं बाळ आईजवळ आहे. तान्हं नव्हे, हे महत्त्वाचं. तान्ह्याला आई दिसली की दूध हवंच असतं. याला काही नको, नुसती आई जवळ हवी. बढतीसाठी प्रार्थना करू नये असं नाही हं, मीही करतो. पण आधी हे, मग ते. सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी म्हणून बघा, ऑफिसचा ग्रुप पाच मिनिटं थांबेल.