क्लोनझिला 180 जीबी डेटासाठी पूर्ण 475 जीबी का वाचतंय?

कोरीपाटी
लॅपटॉपवर विंडोज 11 होम आहे. 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, सी ड्राइव्हवर 180 जीबी भरलेलं. क्लोनझिलाच्या (डिस्कची प्रत घेणारं मोफत सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून बूट करून यूएसबी 3 च्या 1 टीबी हार्ड डिस्कवर पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायला लावली. सी पार्टिशनला (डिस्कचा सी ड्राइव्हचा भाग) आल्यावर ते सगळेच्या सगळे 475 जीबी वाचू लागलं आणि वेळ दीड तासाच्या वर दाखवायला लागलं, म्हणून थांबवलं. भरलेली जागाच वाचतं असं ऐकलं होतं. चूक कुठे होतेय? आणि फक्त सी ची इमेज घेतली तर भागेल का?

तिसरीप्रत
सी ड्राइव्हवर एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं डेटाचं कुलूपबंद रूप) चालू असणार. होम आवृत्तीतही बऱ्याच लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप सुरू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघा.

क्लोनझिला भरलेली जागा ओळखतं ते फाइल सिस्टिमचा नकाशा वाचून. तो नकाशाच एन्क्रिप्ट झालेला असला की त्याला कुठे डेटा आहे आणि कुठे मोकळं आहे ते कळत नाही, मग ते पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं उचलतं. एन्क्रिप्ट केलेला डेटा कॉम्प्रेसही होत नाही, त्यामुळे इमेज जवळजवळ 475 जीबीचीच बनते. ती इमेज खोटी नसते, पण तुमच्या 1 टीबीत अशा दोन मावणं कठीण.

एन्क्रिप्शन काढून टाकू नका. त्यापेक्षा विंडोज चालू असतानाच इमेज घेणारं सॉफ्टवेअर वापरा, उदाहरणार्थ व्हीम एजंटची मोफत आवृत्ती. (मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्रीचा सल्ला जुन्या लेखांत जागोजागी दिसेल, पण त्या मोफत आवृत्तीचा सपोर्ट 1 जानेवारी 2024 ला संपला.) अशी सॉफ्टवेअर विंडोजच्या शॅडो कॉपीमधून वाचतात, म्हणजे काम सुरू असतानाही डिस्कचं एका क्षणाचं चित्र मिळतं, आणि ते उलगडलेलं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवायचं, असतं. शिवाय पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल (विंडोजच्या मेमरीतला तात्पुरता डेटा) बहुतेक सॉफ्टवेअर वगळतात. फोटो-व्हिडिओ मुळातच कॉम्प्रेस केलेले असतात, ते फारसे आक्रसत नाहीत. दस्तऐवज आणि प्रोग्रॅम आक्रसतात. 180 जीबीसाठी 110 ते 150 धरून चाला.

मात्र यात एक जबाबदारी येते: उलगडलेल्या डेटाची इमेज म्हणजे हार्ड डिस्क ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं उघडं. इमेजला पासवर्ड लावा. तो पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची 48 अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडायची राखीव किल्ली) कागदावर लिहून ठेवा, याच लॅपटॉपमध्ये नको.

फक्त सी ची इमेज पुरणार नाही. बूट होण्यासाठी लागणाऱ्या फाइली 100 ते 300 एमबीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. एसएसडी मेली आणि नवीन बसवली तर नुसत्या सी वरून मशीन उठणार नाही. ईएफआय, 16 एमबीचं राखीव पार्टिशन, सी आणि रिकव्हरी अशी पूर्ण डिस्क घ्या.

उलटतपासणी
वरच्याशी सहमत, पण इमेजपेक्षा जास्त लोक अडकतात ते रेस्क्यू पेन ड्राइव्हवर (विंडोज उठत नसताना ज्यावरून बूट करून इमेज परत उतरवायची तो). तो बनवून खणात टाकू नका. आजच त्यावरून बूट करा आणि दोन गोष्टी बघा: आतली एसएसडी दिसते का, आणि हार्ड डिस्कवरची इमेज उघडते का.

इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडीचा कारभार पाहणारी इंटेलची सोय) चालू असतं. विंडोजवर आधारलेल्या रेस्क्यू ड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर एसएसडी दिसतच नाही. क्लोनझिलाला तुमची डिस्क दिसली म्हणून रेस्क्यू ड्राइव्हलाही दिसेल असं धरू नका; क्लोनझिला लिनक्सवर चालतं, त्याचे ड्रायव्हर वेगळे. रेस्क्यू ड्राइव्ह बनवताना 'या संगणकाचे ड्रायव्हर सामील करा' अशा अर्थाचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं हा उपाय नाही, त्याने चालू असलेलं विंडोज बूट व्हायचं थांबू शकतं.

हार्ड डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

कोरीपाटी
एन्क्रिप्शन चालूच निघालं. किती दिवसांनी इमेज घ्यावी? पुढे 1 टीबीची एसएसडी टाकायचा विचार आहे, तेव्हा हीच इमेज चालेल ना?

तिसरीप्रत
महिन्याला एक पूर्ण इमेज आणि आठवड्याला बदल तेवढे. सॉफ्टवेअर पर्याय देत असेल तर बदलांसाठी डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण इमेजनंतरचे सगळे बदल) निवडा: रिस्टोअरला, म्हणजे इमेज परत उतरवायला, पूर्ण इमेज आणि एकच फाइल लागते. इन्क्रिमेंटल (मागच्या प्रतीनंतरचे बदल तेवढेच) लहान असतात, पण साखळीतली एक कडी बिघडली की तिच्यानंतरच्या सगळ्या निरुपयोगी. नवी पूर्ण इमेज तयार होऊन तपासली जाईपर्यंत जुनी पुसू नका. काम झालं की हार्ड डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) इमेजलाही सोडत नाही.

उलटतपासणी
मोठ्या एसएसडीवर चालेल. पण रिकव्हरी पार्टिशन सी च्या लगेच मागे असतं, त्यामुळे जसंच्या तसं रिस्टोअर केलं तर मोकळी जागा त्याच्या पलीकडे पडते आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवता येत नाही. रिस्टोअर करतानाच सी चा आकार वाढवा, म्हणजे रिकव्हरी शेवटी सरकेल. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल तर नंतर पार्टिशन हलवणारं वेगळं साधन लागेल.

लक्ष्य डिस्क निवडताना क्रमांकावर विसंबू नका, रेस्क्यूमध्ये डिस्कचा क्रम बदलू शकतो. मॉडेलचं नाव आणि आकार जुळवूनच पुढे जा. शक्य असेल तर इमेज असलेली हार्ड डिस्क आणि नवी एसएसडी एवढंच जोडलेलं ठेवा. रिस्टोअरनंतर सी एन्क्रिप्शनशिवाय येईल, ते पुन्हा चालू करा आणि नवी रिकव्हरी की लिहून घ्या. जुनी लागू पडणार नाही.