मदत हवी आहे: कॉलऱ्याचं विष आणि विषाणूचा फायदा

नमस्कार मंडळी, मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. जीवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे फाज, शिकवताना एका प्रश्नावर अडले आहे.

फाज म्हटलं की जीवाणू फोडून बाहेर पडणारा, एवढंच मुलांना माहीत असतं. म्हणून मी कॉलऱ्याचं उदाहरण घेतलं. कॉलऱ्याच्या जंतूकडे विषाची जनुकं येतात ती सीटीएक्स-फाय या फाजकडून. वॉल्डर आणि मेकॅलॅनोस या शास्त्रज्ञांनी हे १९९६ मध्ये दाखवलं. हा फाज आपला डीएनए जंतूच्या गुणसूत्रात बसवतो आणि नवे फाज जंतूला न मारता बाहेर पडतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं प्रवेशद्वार. जंतूच्या ज्या पिलसला, म्हणजे अंगावरच्या केसासारख्या तंतूला, धरून तो आत शिरतो, तोच पिलस जंतूला आपल्या आतड्यात बस्तान बसवायला लागतो!

एका मुलीने विचारलं, "जुलाब आपल्याला होतात, मग विष बाळगून विषाणूला काय मिळतं?" मी म्हटलं, जुलाबातून जंतू पाण्यात पसरतात आणि त्यांच्यासोबत फाजही. तर्क पटतो, पण मला भक्कम आधार हवा आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं: या तर्काला प्रयोगांचा पुरावा आहे का? घटसर्पाचं विषही फाजमुळेच बनतं, तिथे हाच तर्क लागू होतो का? बारावीच्या मुलांना झेपेल असं वाचन सुचवलंत तर फारच छान, मराठीत असेल तर आधी तेच.